वसाहतींतील मोकळ्या जागा भाजीच्या वाफ्यांसाठी मिळाव्यात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एकात्मिक बालविकास सेवा योजनेत मुख्यसेविका म्हणून सांगली जिल्ह्यात तीस वर्षे काम करून मी निवृत्त झाले. या काळात माझ्याकडच्या अंगणवाड्यांमध्ये दर महिन्याला मुलांची वजने होत आणि प्रत्येक वेळी आम्ही एकच गोष्ट शोधत असू, ती म्हणजे कोणाचे वजन कमी भरते आहे. वाढीच्या तक्त्यावर एखाद्या मुलाची रेषा खाली उतरली की सेविकेच्या गृहभेटी वाढत, आईला बोलावणे जाई, आहार वाढवून दिला जाई. जी रेषा वरच्या अंगाला चालली आहे तिच्याकडे पाहून आम्ही समाधानाने रजिस्टर मिटत असू, कारण वजन जास्त असणाऱ्या मुलासाठी आमच्या त्या रजिस्टरमध्ये रकानाच नव्हता. सुदृढ बालक स्पर्धांत मी परीक्षक म्हणूनही बसले आहे, आणि गालांवर खळ्या, मनगटावर वळ्या असलेल्या गुटगुटीत बाळाला पहिला क्रमांक देताना मला कधी दुसरा विचार करावा लागला नाही. १९७२ च्या दुष्काळात मी जत भागात लहान होते. मिलो या परदेशी ज्वारीची तांबडी भाकरी आणि दुष्काळी कामावरची सुकडी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना भरलेल्या अंगाचे मूल दिसले की बरे वाटते, यात त्यांचा दोष नाही. परंतु आज माझ्या स्वतःच्या घरात आणि शेजारच्या घरांत मला जे दिसते आहे, त्यामुळे जन्मभर एकाच बाजूने तक्ता वाचला ही चूक जाहीरपणे मान्य करावी आणि तिच्यावर आम्ही जो एक लहानसा उपाय करून पाहिला तो आपल्या वाचकांपुढे ठेवावा, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

माझी नात सहावीत शिकते. मागील वर्षी तिच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली, तेव्हा वर्गातल्या सगळ्या मुलांसमोर प्रत्येकाचे वजन मोठ्याने सांगून लिहून घेण्यात आले. त्या दिवसापासून ती डबा तसाच परत आणू लागली आणि घरी आल्यावर मात्र कपाटातली बिस्किटे लपून खाऊ लागली. हे कळायला आम्हाला महिना लागला. ज्यांनी ती तपासणी केली त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी मानते. पण मुलाच्या वजनाचा आकडा चारचौघांत उच्चारणे आणि त्याच शाळेच्या फाटकाबाहेर दहा पावलांवर तळलेल्या पाकिटांची आणि रंगीत सरबतांची गाडी उभी राहू देणे, या दोन गोष्टी एकत्र नांदत असतील तर आपण सगळे ओझे मुलाच्या डोक्यावर टाकून मोकळे होत आहोत. लठ्ठपणा हा ज्याचा त्याने जिभेवर ताबा ठेवून सोडवण्याचा प्रश्न आहे, असे आपल्याकडे फार सहज बोलले जाते. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. माणूस बहुतेक वेळा हाताशी जे असते, स्वस्त असते आणि शेजारीपाजारी खातात तेच खातो. त्यामुळे हाताशी काय असावे हे बदलण्याचे काम वसाहतीने, गावाने, शाळेने आणि नगरसंस्थेने मिळून केले पाहिजे.

परिस्थिती किती झपाट्याने पालटली हे सरकारी पाहणीतच दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या १२.६ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये ते ९.३ टक्क्यांवरून २२.९ टक्के झाले. पाच वर्षांखालील बालकांत ते अजून कमी, ३.४ टक्के आहे, पण त्याआधीच्या सर्वेक्षणात ते २.१ टक्के होते. याच पाचव्या सर्वेक्षणात ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले, आणि माझ्यासारखीला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच आहे, कारण या दोन गटांतल्या स्त्रिया पुष्कळदा वेगवेगळ्या नसतात. वजनकाट्यावर पंचाहत्तर किलो भरणारी आणि जिना चढताना धाप लागून मध्ये थांबणारी, पापणीच्या आत पाहिले तर पांढरीफटक दिसणारी बाई मी माझ्याच गल्लीत पाहते. तिच्या पोटात अन्न पुष्कळ जाते, पण त्यात पालेभाजी, कडधान्य आणि फळ फारसे नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सुमारे एक लाख तेरा हजार प्रौढांची पाहणी करून २०२३ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ३९.५ टक्के लोकांत पोटाचा लठ्ठपणा आढळला आणि देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचा अंदाज मांडला गेला. आपल्या शरीराची ठेवण लक्षात घेऊन पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे डॉक्टर सांगतात. शिवणकामाची टेप ज्या घरात आहे त्या घरात ही तपासणी दार लावून, कोणाला न सांगता करता येते.

आपल्या भागातल्या माणसांनी याकडे विशेष लक्ष का द्यावे, याचे कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून कळते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास त्यांनी १९९३ पासून सुरू केला. तेथील बाळांची इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांशी तुलना केली तेव्हा आपल्याकडचे बाळ सरासरी २.७ किलोचे आणि तिकडचे ३.५ किलोचे भरले. पण आपले बाळ स्नायूंनी जितके कमी होते तितके चरबीने कमी नव्हते. दिसायला किरकोळ, पण आतून चरबी धरून ठेवणारे असे हे शरीर पुढे भरपूर साखर, तेल आणि बैठे काम यांच्या तावडीत सापडले की मधुमेह व रक्तदाब लवकर गाठतात. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली आणि अंगणवाडीत जन्म घालवलेल्या बाईला ती विसरता येण्यासारखी नाही : गरोदरपणात ज्या स्त्रिया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे जन्मतः अधिक चांगल्या वाढीची होती. म्हणजे कमी वजनाचे मूल आणि पुढे लठ्ठ होणारा माणूस हे दोन निराळे रोगी नसून पुष्कळदा एकाच माणसाची दोन वये असतात, आणि दोन्ही वयांना लागणारी गोष्ट आईच्या परड्यातली भाजी हीच आहे.

आमच्या वसाहतीचा अनुभव आता सांगते. विश्रामबाग परिसरातील आमची वसाहत एके काळच्या उसाच्या रानावर वसली आहे. अभिन्यास, म्हणजे वसाहतीचा लेआउट, मंजूर करताना नियमाप्रमाणे सोडलेली सुमारे सहा गुंठ्यांची मोकळी जागा वसाहतीच्या मधोमध आहे. तेथे बांधकामाचा राडारोडा, प्लॅस्टिक आणि कमरेइतके काँग्रेस गवत याखेरीज काही नव्हते. तीन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या काही जणींनी आणि चार-पाच निवृत्त मंडळींनी दोन पावसाळी महिने खपून ती जागा साफ केली. जमीन काळी, पण उसाला वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिल्याने क्षार वर आलेली. घाईने टाकलेला घेवडा पिवळा पडून गेला, मेथी उगवून करपली. पालक आणि बीट तेवढे तगले, कारण खाऱ्या जमिनीत ती पिके इतरांपेक्षा अधिक तग धरतात. दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून दीड महिन्याने जमिनीत गाडले, गादीवाफे उंच केले, कडेने पाण्याचा निचरा होईल असे चर काढले आणि घराघरांतला ओला कचरा दोन खड्ड्यांत कुजवून ते खत वाफ्यांना दिले. तेव्हा कुठे मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढणीला आली. आज तेथे ऋतुमानाप्रमाणे तांदळजा, चाकवत, अंबाडी, शेपू, मुळा, गवार, भेंडी, दोडका आणि कृष्णाकाठची वांगी असतात; कुंपणाच्या कडेला शेवग्याची चार झाडे आहेत आणि उन्हाळ्यात इतर सर्व थंडावले तरी त्यांच्या पाल्याची भाजी मिळत राहते. मावा दिसला तर निंबोळीचा पाच टक्क्यांचा अर्क फवारतो, त्यापलीकडे काही नाही.

आठवड्यातून दोन तास जो हात लावील त्याच्या घरी रविवारी सकाळी वाटा पोहोचतो, आणि गुडघ्यांमुळे ज्यांना वाकता येत नाही अशा वयस्कर शेजाऱ्यांचा वाटा आधी बाजूला काढला जातो, एवढाच आमचा नियम आहे. या वाट्यातून कोणाच्या घरची महिन्याची भाजी पुरी होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका काढली. तिच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे धरली आहेत, आणि चौघांच्या कुटुंबाला म्हणजे दिवसाला दीड किलोहून अधिक भाजी लागते. सहा गुंठ्यांत तीस घरांना इतकी भाजी देणे अशक्य आहे. ती मंडईतूनच येणार. बाग उपयोगी पडते ती भाजीची सवय लावायला, आणि ही सवय दुकानात विकत मिळत नाही.

सवय कशी लागली ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. गवार म्हटली की ताट सरकवणारी आमच्या वसाहतीतली मुले स्वतः टोकलेल्या बियांचा पहिला तोडा कोणाच्या घरी जाणार यावरून भांडली, आणि ज्याच्या घरी तो गेला त्याने ती भाजी शेवटच्या शेंगेपर्यंत खाल्ली. मातीतून उपटलेला मुळा टाकीवर धुऊन पानांसकट कचाकचा खाणारे मूल पाहिल्यावर माझ्या नोकरीतली आहाराविषयीची निम्मी व्याख्याने वाया गेली असे मला वाटले. माझी नात संध्याकाळी तेथे पाणी घालायला जाते. तिला कोणी वजन विचारत नाही. या बागेत आम्ही कोणाचेही वजन करत नाही आणि ते मुद्दामच करत नाही. तिचा डबा मात्र आता रिकामा परत येतो. दुसरा बदल बायकांमध्ये झाला आणि त्याची मला अपेक्षा नव्हती. तिशीतल्या सुनांना घोळ आणि चंदनबटवा ओळखता येत नव्हते, तण समजून त्या ते उपटून टाकत. आमच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी वाफ्याच्या कडेला बसून एकेक पान दाखवत ते शिकवले. अंबाडीत शाळूच्या कण्या कशा घालायच्या, ताकातल्या चाकवताला वरून चमचाभर तेलाची लसणीची फोडणी कशी पुरते, हुलग्याचे माडगे आजारी माणसालाच नव्हे तर थंडीत सर्वांनाच कसे चालते, हे सारे ज्ञान त्या वाफ्यांवर पुन्हा एका पिढीकडून दुसरीकडे गेले. पूर्वी शाळू हे आपल्या घरातले रोजचे अन्न होते; आज शाळूची भाकरी हॉटेलात मुद्दाम मागवावी लागते आणि घरी मैद्याच्या पावावर नाश्ता होतो. जे आपले होते ते परक्यासारखे झाले आहे, याचे मला दुःख आहे.

बागेतल्या गप्पांतूनच आमच्या भिशीतल्या बायकांनी तेलाचा हिशेब सुरू केला. मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल धरले आहे, म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो, तेलाच्या एक लिटरच्या साडेतीन पिशव्या. पिशवी फोडताना तिच्यावर तारीख लिहायची, एवढेच आम्ही ठरवले. पहिल्या महिन्यात जवळपास प्रत्येक घरात सहा-सात पिशव्या निघाल्या आणि एकीचाही आपल्या आकड्यावर विश्वास बसेना. साखरेचेही तसेच आहे. दिवसाला वरून घातलेली साखर २० ते २५ ग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे हीच मार्गदर्शिका सांगते. दोन चमचे साखरेचा चहा दोन-तीन वेळा झाला की ती मर्यादा संपते, आणि मुलाने पाव लिटरची थंड पेयाची एक बाटली प्यायली की तेवढ्यातच ती ओलांडली जाते. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण आपला जिल्हा उसावर उभा राहिला. सहकारी साखर कारखान्यांनी येथे शाळा, दवाखाने, रस्ते आणले, माझ्या भावांची शिक्षणे उसाच्या बिलावर झाली. ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही. आपण पिकवतो म्हणून आपल्याच मुलांनी ती अमर्याद खावी असे मात्र होत नाही, आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी जेथे पोहोचले तेथे ऊस आणि द्राक्षाबरोबर घरापुरती दोन वाफे भाजी आणि चार काकऱ्या मटकी-हुलगे राहिले, तर शेतकऱ्याच्याच घरातले औषधाचे बिल कमी होईल.

या उपायावर दोन आक्षेप घेतले जातात. भाजी दारात मिळत असताना ती पिकवण्याचा खटाटोप कशाला, हा पहिला. त्याचे उत्तर वर आले आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : बागेने खरोखर वजन कमी होते का? येथे मला प्रामाणिक राहिले पाहिजे. अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिनच्या परिसरात १६ प्राथमिक शाळांमधील तीन हजारांवर मुलांवर असा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेत बाग, बागकामाचे व स्वयंपाकाचे धडे, पालकांसाठीही वर्ग, असे सर्व करूनही वर्षाअखेरीस मुलांचे भाजी खाणे वाढले, पण वजनात फरक पडला नाही. मला यात निराश होण्यासारखे काही दिसत नाही; एका शालेय वर्षात सवय बदलते, शरीर बदलायला अधिक काळ लागतो, आणि शाळेच्या भिंतीबाहेर जग तेच राहिले तर एकट्या बागेने काय करावे? फ्रान्सच्या उत्तरेकडील फ्लरबे आणि लाव्हांती या दोन लहान गावांची कहाणी म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. तेथे १९९२ पासून शाळांमध्ये आहारशिक्षण सुरू झाले. सुरुवातीची काही वर्षे मुलांचा लठ्ठपणा वाढतच गेला. पुढे शाळेच्या बरोबरीने संपूर्ण गाव या कामात उतरले आणि डॉक्टर, दुकानदार, नगरपालिका, क्रीडासंस्था सर्वांनी आपापला वाटा उचलला. २००४ मध्ये तेथील मुलांत जादा वजनाचे प्रमाण ८.८ टक्के होते, तर शेजारच्या तशाच गावांत ते १७.८ टक्के होते. बारा वर्षे लागली, पण झाले.

मुलांनी मातीत हात घालावेत हे आपल्याला परदेशातून शिकण्याची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि त्यांच्या वसतिगृहांतील मुले शेतात राबून शिकली. ‘कमवा आणि शिका’ ही रीत आपल्या कृष्णाखोऱ्यातच रुजली. आज केंद्राच्या प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत शाळांच्या परसबागांची तरतूद आहे आणि दुपारच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाला ५० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळावी असे प्रमाण ठरलेले आहे. ज्या शिक्षकांनी मनापासून परसबागा फुलवल्या आहेत त्यांना माझा नमस्कार. पण स्पर्धेच्या वेळी हिरवीगार असलेली बाग दिवाळीच्या सुटीत तहानेने आणि मे महिन्यात पूर्णपणे मरते, हे मी नोकरीत असताना अनेकदा पाहिले. शिक्षकाने सुटीत रोज येऊन पाणी घालावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. शाळा व्यवस्थापन समितीने सुटीच्या काळापुरती बाग जवळच्या पालकांकडे किंवा बचत गटाकडे सोपवावी, त्या काळातली भाजी त्यांनी घरी न्यावी, एवढी साधी तडजोड केली तर बाग बारमाही जगेल.

महानगरपालिकेकडे मात्र माझी कळकळीची विनंती आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड या तिन्ही शहरांतल्या मंजूर अभिन्यासांमध्ये खुल्या जागा सोडलेल्या आहेत. त्यांतल्या काहींवर सुरेख उद्याने झाली, काही मंडळांच्या मांडवांसाठी वापरल्या जातात. पण कित्येक जागा कचऱ्याने आणि डासांनी भरलेल्या पडून आहेत. प्रभागनिहाय अशा पडीक जागांची यादी जाहीर करावी आणि ज्या वसाहतीतील बचत गट किंवा नागरिक लेखी जबाबदारी घेतील त्यांना जागेची मालकी पालिकेकडेच ठेवून वर्षभराच्या कराराने भाजी लावण्यास परवानगी द्यावी. कायमचे बांधकाम नको, शेड नको, फलकही नको. लागते ते पाणी. आम्ही आमच्या बागेसाठी अर्ध्या इंचाच्या नळजोडणीचा अर्ज केला, तेव्हा ‘अशी तरतूद नाही’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या अर्जाला उत्तर आले नाही, तिसरा गेल्या महिन्यात दिला आहे. शेजारच्या कूपनलिकेचे पाणी खारे असल्याने ते जमिनीला पुन्हा बिघडवते, म्हणून सध्या बायका घरात तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी बादल्यांनी आणून ओततात. फेब्रुवारीपर्यंत हे निभते, पुढे निभत नाही. पिण्याच्या पाण्याची ओढ असताना बागेला नळ मागणे बरे दिसत नाही असे कोणी म्हणेल, तर जवळच्या उद्यानासाठी जो टँकर येतो त्याची आठवड्याला एक खेप आम्हाला दिली तरी चालेल. तिचे पैसे भरण्याची आमची तयारी आहे.

दुसरी विनंती शाळांच्या फाटकाबद्दल. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केलेल्या नियमांनुसार चरबी, मीठ वा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. हा नियम अंमलात आणताना गाड्या उचलून नेऊन गरीब विक्रेत्याच्या पोटावर पाय आणू नये, असे मला मनापासून वाटते. तोच विक्रेता तेथेच पेरू, काकडी, उकडलेल्या शेंगा, भाजलेले कणीस, मोड आलेली मटकी विकू शकतो. सुरुवातीच्या महिन्यात त्याचा माल पडून राहू नये याची हमी पालकांनी घ्यावी. आमच्या वसाहतीजवळच्या एका गाडीवाल्या भावाने पालकांच्या सांगण्यावरून हंगामात बोरे, पेरू आणि उकडलेल्या शेंगा ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्याचा धंदा बुडाला नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात प्लॅस्टिकच्या डब्या वाण म्हणून लुटण्याऐवजी आमच्याकडे दोन वर्षे बियांच्या पुड्या आणि रोपे दिली जातात. हौसेने नेलेले मिरचीचे आणि टोमॅटोचे रोप गॅलरीतल्या जुन्या डब्यातही येते, आणि ज्या घरांना अंगण नाही तेथेही मुलाला रोज पाणी घालायला काहीतरी मिळते. वाढदिवसाला केक आणू नये असे मी कोणाला सांगत नाही. मुलांचा आनंद हिरावून केलेली सुधारणा टिकत नाही. केकच्या बरोबरीने डाळिंबाच्या दाण्यांची वाटी ठेवली तर तीही संपते, हे आमच्याच वसाहतीतल्या वाढदिवसांना मी पाहिले आहे, आणि आटपाडीचे डाळिंब, तासगावची द्राक्षे ज्या जिल्ह्यात होतात तेथे त्यासाठी लांब जावे लागत नाही.

ज्या अंगणवाडी सेविकांबरोबर मी काम केले त्यांच्यासाठी एक शब्द. त्यांच्यावर कामाचा बोजा आधीच फार आहे आणि त्यांच्या मानधनाचा प्रश्न मला ठाऊक आहे. तरीही २०२५ च्या एप्रिलमधील पोषण पंधरवड्यात बालकांच्या लठ्ठपणाचा विषय प्रथमच ठळकपणे घेतला गेला, तेव्हा मला समाधान वाटले. आता वजन-उंचीच्या प्रमाणात वरच्या बाजूला गेलेले मूलही त्यांना मोबाईलवर दिसते. ते दिसल्यावर आईला काय सांगायचे याचे प्रशिक्षण मात्र नीट व्हावे, कारण ‘याचे खाणे कमी करा’ असे वाढत्या वयातल्या मुलाच्या आईला सांगणे घातक ठरू शकते. त्याच्या ताटातले काय बदलायचे, पाकिटाच्या जागी काय द्यायचे, हे सांगायला हवे, आणि त्यासाठी अंगणवाडीच्या दारात पालक भाजीचा एक वाफा असेल तर सेविकेचे काम पुष्कळ हलके होईल.

आमच्या तिसऱ्या अर्जाच्या उत्तराची आम्ही वाट पाहत आहोत. या पावसाळ्यात धैंचा गाडून झाला आहे, गादीवाफे तयार आहेत आणि मेथी, चाकवत व मुळ्याचे बी दसऱ्यानंतर टाकायचे ठरले आहे. सांगली, मिरज किंवा कुपवाडमधील ज्या वसाहतींना आपल्या मोकळ्या जागेत असे काही करायचे असेल त्यांच्यासाठी शेवग्याच्या फांद्या आणि वांग्याची रोपे आम्ही राखून ठेवू. जमीन खारी असेल तर पहिल्या वर्षी घेवड्याच्या वाटेला न जाता पालकापासूनच सुरुवात करावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्यसेविका
विश्रामबाग, सांगली